बारा तारखेच्या आतली लग्नं

मंगल कार्यालय चालवणाऱ्याकडे दोन गोष्टी न मागता साठतात. एक, विसरून गेलेल्या चपला आणि दुसरी, किस्से. चपलांचं आम्ही दर पावसाळ्याआधी काहीतरी करतो. किस्से मात्र कुणी घेऊन जात नाही. उलट ऐकून गेलेला माणूस जाताना स्वतःचा एखादा ठेवून जातो.

आमचं कार्यालय उंब्रजला, हायवे सोडून आत वळलं की लगेच. मुलगी सांगलीकडची आणि मुलगा साताऱ्याकडचा असला की दोन्ही मंडळींना मधलं गाव लागतं. ते मधलं गाव म्हणजे आम्ही. कार्यालय सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी बांधलं. ऑफिस मी बघते. मी सांगलीची, माझा आवाज खणखणीत आहे आणि कुणाला नाही म्हणायची मला लाज वाटत नाही. तेव्हा ही खुर्ची माझ्याकडेच यायची होती.

आता जे सांगते ते सगळं एका वर्षातलं. त्याच्या मुळाशी एक लॅपटॉप आहे, आणि त्या लॅपटॉपपायी एका आठ मेला आमच्या दारात दोन नवऱ्या मुली उभ्या राहायची वेळ आली होती. पण ते शेवटी. आधी लॅपटॉप.

*

माझे धाकटे दीर अमेरिकेत असतात. एका मे महिन्यात आले आणि जाताना स्वतःचा जुना लॅपटॉप आमच्या ऑफिसला देऊन गेले. त्यात एक्सेलची शीट करून दिली. बुकिंगची तारीख टाकायची, महिन्याची यादी आपोआप तयार. शिवाय रोज सकाळी शीट उघडली की आज कुणाचा वाढदिवस, कुणाच्या लग्नाचा वाढदिवस, ते वरच दिसायचं. मग कार्यालयाच्या फोनवरून आपण शुभेच्छा पाठवायच्या. गिऱ्हाईक टिकतं म्हणे.

मी तो पावसाळा जुन्या लग्नांच्या तारखा भरण्यात घालवला. पंचवीस, सव्वीस असल्या तारखा टाकल्या की त्या डावीकडे चिकटून बसायच्या आणि यादीत यायच्याच नाहीत. मग मी तेवढ्यांचा महिना अक्षरात टाकायचे, की शहाण्यासारख्या यादीत जायच्या. बारापर्यंतच्या तारखा मात्र विनातक्रार जायच्या. ज्या कुरकुर करत नव्हत्या त्यांच्यावर मी कशाला संशय घेऊ?

पुढे मार्चमध्ये कळलं ते आताच सांगून टाकते, म्हणजे तुमची माझ्यासारखी गत व्हायची नाही. लॅपटॉप अमेरिकेचा, त्याची सवय अमेरिकेची. तिकडे महिना आधी लिहितात आणि दिवस नंतर. आपण ८/५ टाकलं की आपल्या डोळ्यांना आठ मे दिसतो, तो मनात पाच ऑगस्ट धरून बसतो. आणि बोलत काही नाही. तेरा तारखेपासून पुढे त्याचा नाइलाज होतो, कारण तेरावा महिना अमेरिकेतही नाही.

हे आप्पांना समजावलं तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"आदी म्हैना?" ते म्हणाले. "म्हंजी लगीन जमवताना तिकडं आदी गाव इचारत्यात आन मग पोरगी बघत्यात व्हय?"

*

पहिला फटका बसला तीन जुलैला. सकाळी शीटवर कराडच्या एका कापड दुकानदाराचं नाव आलं, लग्नाचा वाढदिवस म्हणून. मी गुलाबाच्या फुलांसकट शुभेच्छा पाठवल्या.

थोड्या वेळाने फोन. बाईंचा आवाज अगदी शांत होता.

"कार्यालयातनं बोलताय न्हवं? ह्यांच्या फोनवर तुमच्या शुभेच्छा आल्यात."

मी म्हटलं, "हो, अभिनंदन वहिनी."

"आमचं लगीन सात मार्चला झालं. तुमच्याच हालमधी झालं. आज तीन जुलै हाय."

मी काहीतरी पुटपुटले.

"तवा आजच्या तारखंला ह्यांचं लगीन कुणाशी लागलं हुतं, तेवढं बघून सांगा. मी फोन धरते."

संध्याकाळी ते दुकानदार स्वतः आले. हसत होते, पण चेहरा उतरलेला होता. त्यांना लेटरहेडवर लिहून हवं होतं. मी लिहून दिलं, खाली आप्पांची सही आणि कार्यालयाचा शिक्का: 'आमच्या माहितीप्रमाणे सदर गृहस्थांचे एकच लग्न झाले आहे.' घरी जाऊन त्यांनी ते फ्रेम केलं असं ऐकलं.

*

गणपतीनंतर शिराळ्याची पार्टी आली. नवरा मुलगा फौजेत, मुलगी कोरेगावकडची. मुलाला वडील नव्हते, म्हणून सोबत त्याचे मामा आले होते, रिटायर्ड सुभेदार, इस्त्रीचा पांढरा शर्ट, मिशा कातरलेल्या. मुलाची आई, म्हणजे सुभेदारांची बहीण, पदर सावरून खुर्चीच्या कडेवर बसली होती. आठ मे ठरला. सुट्टी अकरा मेपर्यंत, म्हणजे पुढेमागे सरकायला जागाच नव्हती. मी शीटमध्ये ८/५ टाकलं.

मग नवऱ्या मुलाच्या आईची जन्मतारीख विचारली, शुभेच्छांसाठी.

"नागपंचमी," त्या म्हणाल्या.

शिराळ्याची बाई, नागपंचमीला जन्मलेली, तिला दुसरं काय सांगायचं असणार? मी म्हटलं, "मावशी, तारीख लागते. अंकात."

"तारीख दरसाली बदलती की."

"म्हणूनच म्हणते, ज्या साली जन्म झाला त्या सालची तारीख सांगा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग लॅपटॉपकडे बघितलं, आणि भावाला म्हणाल्या, "दादा, ह्या पोरीच्या मशिनीला भिंतीवरचं क्यालेंडर बघाय येत न्हाई वाटतं."

आता दर नागपंचमीला मी भिंतीवरचं कॅलेंडर बघून त्यांना फोन करते.

*

दिवाळीच्या सुमाराला मिरजेची पार्टी आली. मुलीचे वडील तंबोरे बनवणारे. त्यांच्या बोटांना भोपळ्याच्या पॉलिशचा वास होता आणि बोलणं इतकं हळू की मला पुढे वाकून ऐकावं लागायचं. मुलगा साताऱ्याचा. त्यांच्या गुरुजींनी काढलेला मुहूर्त आठ मे.

आप्पांच्या काळात भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेन्सिलीने गोल व्हायचा. पण पुढच्या वर्षाचं कॅलेंडर अजून हातात आलं नव्हतं. मी लॅपटॉपवर मे महिन्याची यादी काढली. आठ तारीख मोकळी. शिराळ्याचं लग्न तोपर्यंत ऑगस्टमध्ये जाऊन बसलं होतं, हे मला कुठून दिसणार? मी ८/५ टाकलं आणि काकांना चहा दिला.

*

दोन डिसेंबरला सकाळी बापू आचारी टेम्पो घेऊन हजर. पातेली, झारे, चार बायका, आणि पोत्यांनी कांदा. मी दिलेल्या यादीत लग्न होतं. अंगणात ना मांडव, ना माणूस.

खरं लग्न होतं बारा फेब्रुवारीचं. मी ती ओळ पुसून पुन्हा टाकली. पुन्हा १२/२ असंच दिसलं, तेव्हा माझं समाधान झालं.

बाहेर आप्पा बापूला समजावत होते की चूक झाली, परत जा. बापूच्या मागे बायका आधीच विळ्या मांडून बसल्या होत्या. अर्धा कांदा चिरून झाला होता.

"आप्पा," बापू म्हणाला, "नवरी न्हाई तर न्हाई. कांदा चिरलाय, आता कुनाचं तरी लगीन लावा."

त्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या घरांना आमटी गेली. बारा फेब्रुवारीला बापू यादी न बघताच आला. अजून काही लोक विचारतात, दोन डिसेंबरला तुमच्यात काय असतं म्हणून.

*

सहा जानेवारीला शीट उघडली आणि वाढदिवस संपेचनात. बोट दुखेपर्यंत खाली सरकवते आहे, नावं येतच आहेत. सगळे नवऱ्या मुलांचे आणि मुलींचे वडील, आजोबा, चुलते. मला वाटलं, साऱ्यांना जन्माला यायला थंडीच बरी सापडली!

आपल्याकडे एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस एक जूनला असतो, हे वेगळं सांगायला नको. शाळेत नाव घालताना मास्तर विचारायचे, पोरगं कधी झालं. घरचे म्हणायचे, सुगी झाल्यावर. मास्तर लिहायचे, एक जून. त्या साऱ्या पिढीला लॅपटॉपने जानेवारीत जन्माला घातलं होतं, आणि मी साऱ्या पिढीला शुभेच्छा पाठवल्या.

दुपारी चाफळकडचे एक म्हातारे गृहस्थ एसटीने आले. त्यांच्या नातीचं लग्न आमच्याकडे झालेलं. नातवाने मेसेज वाचून दाखवला म्हणाले.

मी हात जोडले. "आबा, चूक झाली. तुमचा वाढदिवस एक जूनला."

"आवं, जून बी मास्तरांनी लावल्याला. खरा दीस आईला ठावं हुता, ती गेली कवाच."

"मग आता दुरुस्त करून जूनच टाकते."

"नगं," ते म्हणाले. "जूनमधी आजवर कुनी काय म्हनलं न्हाई. ह्योच ऱ्हाऊ द्या."

त्यांच्या ओळीला मी आजही हात लावलेला नाही. शीटमध्ये ती एकच तारीख चुकीची आहे आणि ती तशीच राहणार.

*

मार्चमध्ये मांडववाल्याला द्यायला मी वर्षाची यादी छापली. आमचे नेहमीचे गुरुजी कराडहून आले होते. चहा येईपर्यंत त्यांनी ती यादी उचलली. त्यांचा चेहरा गंभीर झाला, मग हसू फुटलं.

"वहिनी, पाच ऑगस्टला आपल्याकडे लग्न आहे?"

"यादीत असेल तर असेल."

"चातुर्मासात एक लग्न लावायला ब्राह्मण मिळत नाही. तुम्ही एका दिवशी दोन लावताय."

मी कागद ओढून घेतला. शिराळा आणि मिरज, एकाखाली एक, ऑगस्टच्या पानावर. मी शीट उघडून दोन्ही ओळी बघितल्या. दोन्हींत ८/५. मग जुलैमधली कराडची वहिनी, बापूचा कांदा, जानेवारीतले म्हातारे, सगळे एकदम डोळ्यांपुढे उभे राहिले आणि प्रकार लक्षात आला. दोघांनाही मी आठ मे दिला होता. लग्नाला दोन महिने राहिले होते आणि दोन्हीकडच्या पत्रिका छापून झाल्या होत्या.

लॅपटॉपचं सेटिंग मी त्याच दुपारी भारतावर आणलं. त्याने काय झालं? जे आधी ८/५ दिसत होतं ते आता ५/८ दिसायला लागलं. म्हणजे चूक तीच, फक्त आता ती लपत नव्हती. सगळ्या तारखा मी एकेक करून पुन्हा भरल्या, महिना अक्षरात.

आप्पांना सांगितलं. ते उठून दारापर्यंत गेले. मग म्हणाले, "दोन्ही लग्नं माझ्याच दारात लागतील. एकाला बी माघारी लावलं तर दारावरची पाटी म्या सवता उतरवीन." ते उगाच बोलणारे नाहीत. पाटी त्यांनी आधी टांगली होती, भिंतींना गिलावा नंतर झाला.

*

दोन्ही पार्ट्यांना मी एकाच वेळी ऑफिसात बोलावलं. वेगवेगळं बोलावलं असतं तर प्रत्येकाला वाटलं असतं की दुसऱ्याला झुकतं माप दिलं. सगळं समोर मांडलं, लॅपटॉप फिरवून दाखवला.

सुभेदार खुर्चीत ताठ झाले. "हाल आमी आदी घेतलाय, ताई. पोराची सुट्टी अकरापातूर हाय. त्येला बारा तारखंला रिपोर्ट करायचं हाय."

मिरजेचे काका म्हणाले, "पत्रिका वाटून झाल्या माझ्या. दुसरा मुहूर्त जूनमधी, आन जून मला नको. मुलीची आई दवाखान्यात असती, ऑपरेशन जूनमधी हाय. तिला लग्न बघायचंय."

कुणी कुणावर आवाज चढवला नाही, आणि तेच मला जड गेलं. भांडले असते तर मी सोडवलं असतं. दोघांचंही खरं होतं.

सुभेदारांनी लॅपटॉप जवळ ओढला. त्या दोन ओळी वाचल्या. "आमच्यात फौजेत म्हैना अक्षरात लिवत्यात," ते म्हणाले. "तीस वर्सं लिवला, कशापायी ते आज कळलं."

काकांनी विचारलं, "तुमचा मुहूर्त किती वाजता?"

"सकाळी धा-पाच."

"आमचा गोरज."

काका टेबलावर बोटाने काहीतरी पिरगाळल्यासारखं करत होते.

"सूर लागत नसला तर तार तोडायची नसती," ते म्हणाले. "खुंटी थोडी फिरवायची. सकाळ त्यांची, संध्याकाळ आमची. दुपारचं जेवण एकत्र. काय, सुभेदार?"

सुभेदारांनी माझ्याकडे, मग आप्पांकडे बघितलं आणि हात पुढे केला. आप्पा बाहेर गेले. मी खिडकीतून बघितलं तर ते पाटीवरची धूळ पुसत होते.

*

आठ मेचं काय सांगू? चार गावांची माणसं एका अंगणात. शिराळ्याच्या पाहुण्यांनी साताऱ्याच्या नवरदेवाला आहेर केला. कोरेगावचे एक काका सकाळी अक्षता टाकून जेवून झोपले, उठले तेव्हा गोरज मुहूर्त चालू होता. ते म्हणाले, "आजून लागलं न्हाई व्हय?" आणि पुन्हा अक्षता टाकल्या. बापूने एकदाच कांदा चिरला आणि दोन लग्नांना पुरवला, हे तो अजून सांगतो.

मिरजेच्या काकांनी स्वतः जुळवलेला तंबोरा आणला होता, संध्याकाळच्या मंगलाष्टकांसाठी. त्यांची धाकटी मुलगी तो घेऊन बसणार होती. सकाळीच सुभेदारांची बहीण तिच्यापाशी गेली आणि म्हणाली, "आमच्या पोराला बी ह्यो सूर मिळंल का गं?" ती लगेच बसली. माईक खाली पडत होता, म्हणून शिराळ्याच्या नवरदेवाच्या धाकट्या भावाला तो धरायला उभं केलं. तो पुण्यात नोकरी करणारा इंजिनीअर. मंगलाष्टका संपल्या, अक्षता पडल्या, लोक पंगतीला गेले, तरी त्याने माईक धरलेलाच होता. आप्पांनी जाऊन तो काढून घेतला.

संध्याकाळी त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तरी माईक त्यानेच धरला.

मिरजेच्या काकू दवाखान्यातून गाडीने आल्या, पुढच्या रांगेत खुर्चीत बसल्या आणि लेकीचं लग्न डोळे भरून बघितलं. त्यांनी माझा हात घट्ट धरला. मी रडले, आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही. दुसऱ्या दिवशी सुभेदारांनी फोटो पाठवला. नवरी-नवरदेव देवदर्शनाला निघाले होते.

*

त्यानंतर तालुक्यात एक बातमी फिरली. उंब्रजच्या त्या कार्यालयात बारा तारखेच्या आतलं लग्न लाभत नाही म्हणे, दोन-दोन लागतात. आमचे गुरुजी हळूच मुहूर्त तेरा तारखेनंतरचेच काढायला लागले. कुणी फारच आग्रह केला तर पाच मे किंवा बारा डिसेंबर द्यायचे. "दिवस-महिना एकच अंक," ते कानात सांगायचे. "उलटलं तरी सुलटच."

मी त्यांना दोनदा बजावलं की लॅपटॉप आता सुधारलाय. "लॅपटॉप सुधारला, वहिनी," ते म्हणाले, "गिऱ्हाईक कुठे सुधारलंय?"

बारा तारखेच्या आतले सगळे दिवस ओस पडले. आप्पा सकाळी रिकाम्या अंगणाला पाणी मारायचे.

आणि मग दिवाळीनंतर एका सकाळी अंगणात एकच गाडी येऊन थांबली. पुढच्या दारातून सुभेदार उतरले, इस्त्रीचा पांढरा शर्ट. मागच्या दारातून मिरजेचे तंबोरेवाले काका. त्यांच्या मागून काकू, स्वतःच्या पायांनी, सुभेदारांच्या बहिणीचा हात धरून.

मी शीट उघडली. आप्पा दारात येऊन उभे राहिले.

"हाल पायजे," सुभेदार म्हणाले. "नऊ फेब्रुवारी. म्हैना अक्षरात लिवा."

"पार्टीचं नाव?"

"शिराळा," सुभेदार म्हणाले.

"मिरज," काका त्याच वेळी म्हणाले.

माझी बोटं कीबोर्डवर थांबली. मी दोघांकडे बघितलं, मग आप्पांकडे बघितलं.

"पुन्हा एका दिवशी दोन लग्नं?" मी विचारलं.

सुभेदारांनी काकांकडे बघितलं. काका बोटाने टेबलावर काहीतरी पिरगाळत होते.

"न्हाई ताई," सुभेदार म्हणाले. "ह्या खेपंला एकच."